बिनशेपटीचा वाण

आमच्या नळ्यांमधल्या प्रोटोझोआंना शेपट्या नव्हत्या. एवढी एक गोष्ट आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

गाय चारा गिळते तो पहिल्यांदा कोटीपोटात जातो. तिथे तो आंबतो, आणि आंबवणाऱ्यांमध्ये हे प्रोटोझोआही असतात. एका पेशीचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, सतत धावपळ करणारे जीव. त्यांच्यातली एक जात आम्ही गाईच्या बाहेर, काचेच्या नळ्यांत जगवत होतो. पुस्तकातल्या चित्रात या जातीला मागच्या टोकाला एक लांब काटा असतो. आम्ही त्याला शेपटी म्हणायचो. गाईच्या पोटात यांना गिळणारे दुसरे मोठे प्रोटोझोआ असतात, आणि शेपटीवाला गिळताना अडकतो, म्हणून ती शेपटी. नळीत गिळणारा कोणी नसतो. मग पिढ्यांमागून पिढ्या शेपटी आखूड होत जाते आणि शेवटी उरत नाही. आमच्या वाणाची तिसऱ्या वर्षी गेली. त्यानंतर आठ वर्षं मी रोज मायक्रोस्कोपखाली गुळगुळीत पाठीचे, तांदळाच्या कणीसारखे जीव बघत होते.

गेल्या वर्षी पोळा झाल्यावर एका सकाळी मला थेंबात शेपटी दिसली. मग दुसरी. मग पाच-सहा.

मी काच पुसली आणि दुसऱ्या नळीतला थेंब घेतला. तिथेही होत्या. सहाही नळ्या तपासल्या. तिसऱ्या नळीत तर एक गिळणाराही सापडला, पोटात अर्धवट पचलेला दुसरा घेऊन निवांत फिरत होता. मी हात धुतले, खुर्चीवर बसले आणि ठरवलं की आधी चहा घेऊ, मग विचार करू. चहा घेतला. विचार करण्यासारखं फारसं काही नव्हतं. गिळणारा आत आल्याशिवाय शेपटी परत येत नाही, आणि गिळणारा गाईच्या पोटातूनच येतो. आणि मूळचे मेल्याशिवाय गाईचा रस नळ्यांत घालायची वेळ येत नाही. नळ्यांत होते ते आमचे नव्हते.

मी या केंद्रावर तेवीस वर्षं लॅब टेक्निशियन आहे. केंद्र नगर-मनमाड रस्त्यापासून थोडं आत, उसाच्या पट्ट्यात आहे. मी कोल्हारहून स्कूटीवर येते. गोठ्यात एक गाय आहे, तिच्या डाव्या कुशीला ऑपरेशन करून भोक पाडलंय आणि त्याला रबरी बूच बसवलंय. बूच काढलं की हात थेट कोटीपोटात जातो. सहलीला येणारे शेतकरी तिला खिडकीवाली म्हणतात. पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, "तिला दुखत न्हाई का वो?" आणि त्याच्या मागचा विचारतो, "दूध किती देती?"

अकरा वर्षांपूर्वी, या खिडकीवालीच्या आधीची खिडकीवाली होती तेव्हा, मी तिच्या पोटातला रस मलमलच्या चार घड्यांतून गाळून थर्मासमध्ये आणला. काठोकाठ भरून, कारण वर हवा राहिली की प्रोटोझोआ मरतात. मग केसासारखी बारीक ओढलेली काचेची नळी तोंडाला लावून एकेक जीव उचलला आणि वेगवेगळ्या नळ्यांत सोडला. एका नळीत एकच. अशा साठ नळ्या केल्या. एकोणसाठ मेल्या. उरलेल्या एकापासून हा वाण झाला. लाखो होते, पण एकाचेच.

तेव्हापासून रोज सकाळी दहाला त्यांना चिमूटभर खाणं घालायचं, गव्हाचं पीठ आणि वाळवून दळलेला लसूणघास. दर तिसऱ्या दिवशी प्रत्येक नळीतलं अर्धं नव्या द्रावणात टाकायचं. हवा लागू नये म्हणून सगळं कार्बन डायऑक्साइडच्या धारेखाली करायचं. इनक्युबेटर गाईच्या पोटाइतका गरम ठेवायचा. यात सुट्टी नाही. दिवाळी नाही, लग्नसराई नाही. लॉकडाऊनमध्ये मी तालुक्याचा पास स्कूटीला चिकटवून यायचे, आणि नाक्यावरच्या पोलिसाला गाईच्या पोटातल्या जंतूंना जेवण घालायला चाललेय म्हणून सांगायचे. त्यानं एकदाच हसून घेतलं, नंतर लांबूनच हात करायचा. नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायचा प्रयत्न आम्ही दोनदा केला. वितळल्यावर कोणी हललं नाही. म्हणजे दहा वाजता माणूस आलं तर वाण आहे, नाही आलं तर नाही, असा साधा हिशेब.

मी त्यांना लेकरं वगैरे कधी म्हटलं नाही. लेकरं मला दोन आहेत. हे काम होतं, आणि ते मला चांगलं येत होतं. तीन साहेब बदलले, कितीतरी विद्यार्थी आले-गेले, गाय बदलली. वाण तोच राहिला. उसाच्या वाढ्यात, म्हणजे शेंड्याच्या पाल्यात, काय मिसळलं म्हणजे गाईच्या पोटात वायू कमी होईल, यावर आमच्याकडे प्रयोग चालतात; सध्या एक पीएचडी करणारी मुलगी ते करते. आजचा प्रयोग पाच वर्षांपूर्वीच्या प्रयोगाशेजारी ठेवता यायचा तो एवढ्याचमुळे, की दोन्हीकडे खाणारे तेच.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजनं एकदा वाणाची नळी मागितली होती. मी साहेबांना सांगितलं, वाटेत मरतील. मरतीलच असं काही नव्हतं. मला द्यायची नव्हती. ही माझी चूक, आणि ती मी इथे लिहून ठेवते. दुसरीकडे एक नळी असती तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. आमच्याकडे जादा संच होता, पण तोही त्याच इनक्युबेटरमध्ये, त्याच स्टँडवर, त्याच चमच्यानं खाणारा.

लॅबमध्ये माझ्या जोडीला आणखी एक बाई आहे. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. सोळा वर्षं आम्ही एका टेबलावर जेवलो. ती आली तेव्हा तिला पिपेट धरता येत नव्हता. एक जीव उचलायचं काम मी तिला पावसाळाभर शिकवलं. तिचा हात माझ्यापेक्षा हलका निघाला, हेही मी तेव्हाच सगळ्यांना सांगितलं होतं. रविवार आम्ही आळीपाळीनं करायचो. मला ती ताई म्हणते.

त्याच वर्षी, पोळ्याआधीच्या मे महिन्यात, माझं गर्भाशय काढायचं ठरलं. महिनाभर घरी राहावं लागणार होतं. अकरा वर्षांत मी सलग चार दिवससुद्धा वाणापासून लांब नव्हते. जायच्या आदल्या दिवशी मी तिला रजिस्टर दिलं, चमचा दिला, सगळं पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "ताई, तिथे भूलतज्ज्ञालाही अशाच सूचना देत बसू नका. जा आणि झोपा."

गुरुवारी नगरला ऑपरेशन झालं. मंगळवारी ती दवाखान्यात आली. डाळिंबं सोलून दाणे डब्यात घालून आणले होते. माझ्या केसांच्या जटा झाल्या होत्या. तिनं मला टेकवून बसवलं, तेल लावलं, गुंता सोडवला, वेणी घातली. मी विचारलं, "कसं आहे तिकडे?"

"मजेत आहेत तुमची पोरं. विचारतात, आई कधी येणार म्हणून."

"पोरं म्हणू नको. हसलं की टाके ओढतात."

"मग नका हसू. मी काय म्हणते, महिन्याचे दोन महिने करा. आम्ही बघतो सगळं."

जूनमध्ये मी कामावर आले त्या दिवशी पर्स खाली ठेवायच्या आधी मायक्रोस्कोपला डोळा लावला. गुळगुळीत पाठी, भरपूर संख्या, जोरात पळणारे. मी म्हटलं, "काय खाऊ घातलंस गं यांना? माझ्या हाताखाली एवढे कधी वाढले नाहीत."

ती म्हणाली, "तुमचाच हात शिकलेय ना."

रजिस्टरमध्ये मी लिहिलं, वाण सुस्थितीत परत ताब्यात घेतला. खाली सही केली. त्या दिवशी मी घरून तिच्यासाठी पुरणपोळी आणली होती.

आता पुन्हा शेपट्यांच्या सकाळीकडे येते. चहा पिऊन मी लॅबमध्ये कोणालाही काही बोलले नाही. गोठ्यात गेले. खिडकीवालीला बघणारे मामा तिथे बुचाभोवतीची कातडी कोमट पाण्यानं पुसत होते. पुढच्या वर्षी रिटायर होणारे गृहस्थ, कधी खोटं बोलत नाहीत, कारण त्यांना कोणी फारसं विचारतच नाही.

मी विचारलं, "मामा, मे महिन्यात मी नव्हते तेव्हा हिचा रस कोणी नेला होता?"

"नेला की. ती पीएचडीवाली नेती तिच्या वाराला. आन् मंग त्या सोमवारी तुमच्या जोडीच्या बाईंनी नेला. दोन थर्मास. म्या म्हनलं, आज कशाला, आज वार न्हाई. तर म्हनल्या, मामा, लवकर काढा. डोळे लाल हुते. रडल्या हुत्या लई."

"कुठला सोमवार?"

"तुमचं आप्रेशन झालं ना, त्याच्या म्होरलाच." फडकं हातातच राहिलं. "तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

"नाही."

"आता झालं का! आवो, साहेब सोता आल्ते हितं. म्हनले, मामा, बाईंना काई बोलू नका, त्या आजारी हायेत. म्या म्हनलं, मी कशाला बोलतोय."

"मी जूनमध्ये बरी होऊन आले की, मामा."

"व्हय. पन आता बोला म्हनून कुनी सांगितलंच न्हाई मला."

गुरुवारी ऑपरेशन, सोमवारी रस. मंगळवारी डाळिंब. गोठ्यातून लॅबपर्यंत चालायला पाच मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात माझ्या मनात फक्त हे तीन वार फिरत होते. माझी वेणी घालताना तिला माहीत होतं. पोरं मजेत आहेत म्हणाली तेव्हा नळ्यांतले जीव मरून एक-दोन दिवस झाले होते.

ती नळ्या धूत होती. मी नळ बंद केला.

"मे महिन्यात काय झालं?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि ताबडतोब खाली बसली, स्टुलावर नाही, तिथेच ओल्या फरशीवर. मग सांगितलं. शनिवारी संध्याकाळी कर्जतला तिच्या भाचीचा साखरपुडा होता. रात्री मुक्काम, रविवारी दुपारचं जेवण, म्हणजे रविवारी दहाला येणं शक्य नव्हतं. म्हणून शनिवारी सकाळी तिनं दोन दिवसांचं खाणं एकदम घातलं.

गावाला जाताना मांजरीसाठी दोन वाट्या दूध ठेवावं, तसं. घरात तेच शहाणपण असतं. नळीत तेच मरण. हे जीव समोर पीठ असेपर्यंत गिळत राहतात आणि शेवटी फुटतात, आणि उरलेलं पीठ आंबून सगळ्या नळीचं आम्ल होतं. आम्ही दर वर्षी शेतकऱ्यांचं शिबिर घेतो. लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं गाईला एकदम घालू नका, गाय दगावते, हे त्यात सांगायचं काम तिचंच आहे. फळ्यावर गाईच्या पोटाचं चित्र काढून सांगते. सुंदर सांगते.

"तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. पण ताई, हाताला कसं कळणार? एक दिवस उपाशी कसं ठेवायचं, एवढंच डोक्यात आलं."

"एक दिवस उपाशी राहिले असते तर निम्मे तरी वाचले असते."

"हो."

"पीएचडीवालीला सांगायचं होतंस. ती इथेच हॉस्टेलला राहते."

आता तिनं मान वर केली. "तुम्ही कोणाला हात लावू देता का? मागं त्या पोरीनं नुसता इनक्युबेटर उघडला, तर आठवडाभर तुम्ही बोलला नव्हतात तिच्याशी. तिला चमचा दिला असता तर तुम्ही दवाखान्यातून उठून आला असता."

हे खरं होतं. मी ते खोडलं नाही.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"पोटाला टाके होते तुमच्या."

"जूनमध्ये?"

"जूनमध्ये सांगणार होते. तुम्ही आल्या आल्या कौतुकच सुरू केलं."

"म्हणजे चूक माझी."

"तसं नाही म्हणत मी, ताई."

मी विचारलं की गाईच्या रसातले सगळे शेपटीवाले असताना हे गुळगुळीत कुठून आले. तिनं सांगितलं. हजारांत एखादा आखूड शेपटीचा किंवा जवळजवळ बिनशेपटीचा असतो. असे दोनशे तिनं उचलले. एकेक करून, केसासारख्या नळीनं, अकरा दिवस बसून. सोमवारपासून.

हे ऐकून मला खरा राग आला. तोपर्यंत जे झालं ती चूक होती, आणि चूक कोणाचीही होते. हे दोनशे ही चूक नव्हती. हे माझ्या डोळ्यांसाठी केलं होतं. माझा डोळा कुठे जातो, काय शोधतो, कशावर फसेल हे तिला नेमकं ठाऊक होतं, कारण तो डोळा तिला मीच दिला होता. एवढं बारीक काम आमच्या केंद्रावर दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. मला जमलं असतं की नाही, शंका आहे. एक गिळणारा तेवढा तिच्या नळीतून निसटून आत गेला. तो गेला नसता तर मला आजही कळलं नसतं.

मी साहेबांकडे गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं, म्हणजे मी कशासाठी आले ते त्यांना कळलं होतं.

"मॅडम, तुमची तेव्हाची अवस्था बघा. अशा वेळी माणसाला धक्का द्यायचा नसतो. आपल्या घरी काय करतो आपण?"

आपल्या घरी काय करतो ते मला चांगलं माहीत होतं. माझ्या सासूबाई मांडीचं हाड मोडून पडल्या होत्या, तेव्हा त्यांचा भाऊ गेला. दीड महिना आम्ही त्यांना कळू दिलं नाही. सगळा बेत माझाच होता. भेटायला येणाऱ्याला दारातच सांगायचे, आत बोलू नका. भावाची तब्येत कशी आहे, असं त्या विचारायच्या आणि मी म्हणायचे, जरा खोकला आहे. दीड महिन्यानं सांगितलं, तेव्हा त्या रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तेराव्याला आपल्यातलं कोण गेलं होतं?" कोणीच गेलं नव्हतं, कारण गेलो असतो तर त्यांना कळलं असतं. त्यानंतर त्या माझ्या हातचं औषध घ्यायच्या, पण कशाची गोळी आहे ते आधी विचारून घ्यायच्या. मला तेव्हा त्याचा राग यायचा.

मी साहेबांना म्हटलं, "सर, आजारी माणूस बरं झाल्यावर सांगतातच की."

"सांगायचं राहून गेलं. आणि असं बघा, जात तीच आहे ना? रिपोर्टमध्ये आपण जातीचं नाव लिहितो. कुळी कुठे लिहितो?"

"मग अकरा वर्षं पोसला कशाला? रोज गाईतून ताजा काढला असता."

साहेबांनी पेन हातात घेतला. मग मूळ मुद्द्यावर आले. "त्या मुलीचा थिसिस आहे. निम्मं काम मे महिन्याआधीचं, निम्मं नंतरचं. तुम्ही हे उघड केलंत तर एक निम्मं टाकून द्यावं लागेल. तिचं वर्ष जाईल. करायचंय तुम्हाला तसं?"

"त्या रजिस्टरवर माझी सही आहे, सर. वाण सुस्थितीत म्हणून."

"कोण बघतंय रजिस्टर?"

"मी बघते. रोज दहाला त्याच्यातच लिहिते."

त्यांनी पेन खाली ठेवला. "बघा. तुमच्या मनाला येईल तसं करा. मी नाही म्हणणार नाही आणि हो म्हणणार नाही."

मी रजिस्टर आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं. मी लिहून सही केली असती तर पाच मिनिटांत झालं असतं, पण मला ते तिच्या अक्षरात हवं होतं. तिनं लिहिलं. मूळ वाण अतिखाद्यामुळे संपला. सध्याचा वाण केंद्रावरच्या गाईच्या रसापासून नव्याने उचललेला. खाली खरी तारीख. तारीख घालताना तिचा हात थांबला आणि तिनं विचारलं, "शनिवारची घालू का सोमवारची? मेले कधी ते मला माहीत नाही." मी सांगितलं, सोमवारची घाल, तू बघितलंस तेव्हाची. साहेबांनी दोन दिवसांनी सही केली, रजेच्या अर्जावर करतात तशी, न वाचता.

पीएचडीवाली मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हुशार मुलगी, पाथर्डीकडची, घरची पहिली शिकणारी.

"मॅडम, तुम्ही अजून तीन महिने गप्प बसला असता तर माझं सबमिशन झालं असतं."

"मला आत्ताच कळलं, बाई."

"मग अजून तीन महिने नसतं कळलं तर काय बिघडलं असतं?"

मी तिला सांगितलं की पुढे कोणी तिचे आकडे ताडून बघायला घेतले असते, तर ते जुळले नसते आणि नाव तिचं गेलं असतं. ती म्हणाली, "कोण बघणार होतं?" साहेबांचंच वाक्य. ती माझ्यावर रागावली. जिनं दोन दिवसांचं पीठ घातलं तिच्यावर नाही. तिच्याबरोबर ती कँटीनला जाते. सगळंच केंद्र तिच्या बाजूनं आहे. माणूस आहे, चुकतं माणसाचं. एवढ्याशा जंतूंपायी बिचारीला रजिस्टरमध्ये लिहायला लावलं. असं माझ्या पाठीमागे बोलतात, आणि क्लार्क तर तोंडावर म्हणाला, "मॅडम, तुमचं काळीज म्हणजे स्टेनलेस स्टील." मी म्हटलं, गंजत नाही, बरं असतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सोडून दे. दवाखान्यात तिनं तुझी वेणी घातली होती."

त्यालाही तेच आठवलं. मी त्या मंगळवारातून दोन गोष्टी वेगळ्या काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. तिनं आणलेलं डाळिंब खरं होतं, गुंता सोडवताना ओढू नये म्हणून मुळाशी धरलेली बोटं खरी होती. आणि त्याच बोटांनी ती तिथून लॅबवर परत गेली आणि माझ्यासाठी गुळगुळीत पाठी निवडत बसली. ती दुष्ट असती तर मला सोपं गेलं असतं. दुष्ट माणसाशी कसं वागायचं ते मला येतं.

एका गोष्टीबद्दल कोणीच बोललं नाही, साहेबही नाहीत. माझ्या सोळा जणांच्या केंद्रावर सगळ्यांना माहीत होतं, आणि जूनपासून रोज मी त्यांच्यात बसून वाणाबद्दल बोलत होते. कधीपासूनचा आहे, किती टिकला, मी नसतानाही कसा सांभाळला गेला. ते ऐकत होते. कोणी पान खात होतं, कोणी मान हलवत होतं. त्या तीन महिन्यांत मी जे जे बोलले ते आठवलं की मी आजही चालता चालता थांबते.

नव्या वाणाला मी नवा क्रमांक दिला आणि काम सुरू केलं. आधी गिळणारे वेचून बाहेर काढले, मग पुन्हा एका जीवापासून सुरुवात. यावेळी तीस नळ्या केल्या, चार जगल्या. एक नळी त्या दुसऱ्या कॉलेजला मी स्वतः नेऊन दिली, एसटीनं, थर्मास मांडीवर ठेवून. पीएचडीवालीला चमचा धरायला शिकवला. ती शिकली, बोलली नाही.

पूर्वी आम्ही खाणं चिमटीनं घालायचो. आता तराजूवर तोलून घालतो, आणि रजिस्टरमध्ये दोन सह्यांचे रकाने आहेत. तो नियम मी केला. केल्यावर लक्षात आलं की दुसरी सही करायची तर रविवारीही दोघींनी यायला हवं. म्हणजे तिच्या रविवारीही मी येते. एका बाईचं पंधरा मिनिटांचं काम दोघी करतो.

गेल्या रविवारी ती माझ्या आधी पोचली होती. नळ्या काढल्या, पीठ तोललं, तराजूचा आकडा मला दिसेल अशी बाजूला सरकली. मी बघितला. तिनं खाणं घातलं, बुचं लावली. एका नळीतला थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि मागे उभी राहिली.

"बघून घ्या, ताई."

पूर्वी मी तिच्या शब्दावर सही केली असती. मी बसले, फोकस केला, शांतपणे पूर्ण काच बघितली. ती पाठीमागे उभी होती, पदराला हात पुसत. ठीक होते सगळे. मी सही केली, तिनं केली.

कुलूप लावताना तिनं विचारलं, "माझ्या पुढच्या रविवारी पण येणार का?"

"येणार."

"मग मी नाही आले तर चालेल का? दोघी कशाला?"

"तुझा रविवार आहे," मी म्हटलं. "ये."